पुढून भाजी, मागून पामतेल

पाकिटावर पुढे हिरवेगार मटार, वाफाळता वाडगा. खरी कुंडली मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापण्याची सक्ती आहे, म्हणून बहुतेक झटपट नूडल्समध्ये मैद्याखालोखाल पामतेल सापडतं. वड्या तळून सुकवलेल्या असतात, त्याचं चित्र कोण छापणार? मटार मसाल्याच्या पुडीत, वाळलेले, शोधल्यास सापडतील.

‘एमएसजी घातलेलं नाही’ वाचून हायसं वाटावं, तर मागे ६३५ क्रमांकाचा चववर्धक हजर!

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खा म्हणते. त्यातला मोठा वाटा एकच पाकीट उरकतं.

पातळ पोहे बिचारे डब्यात पडून. दही, चिमूटभर मीठ, वरून फोडणी, की झाले. पण पोह्यांसोबत स्टिकर कुठे मिळतो?