ट्यूबवाले गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळांतले बरेचसे जुने गुरुजी 1 जुलैला जन्मलेले असतात. आईला दिवस आठवत नाही, बापाला वर्ष आठवत नाही, मग शाळेत नाव घालताना हेडमास्तर जी तारीख टाकतील ती जन्मतारीख. त्यामुळे ही मंडळी 30 जूनला निवृत्त होतात. बाकी महाराष्ट्रात याचं काय होत असेल ते असो, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सावलीत एक गोष्ट नक्की होते. शाल-श्रीफळ घरी पोचतं न पोचतं तोच पाऊस धरतो, मासे चढणीला लागतात आणि रिकामा झालेला गुरुजी गरी घेऊन पाण्याकडे निघतो.

गरी म्हणजे गळ. सावली तालुक्यात पाण्याला तोटा नाही. मालगुजारांच्या काळातले मामा तलाव आहेत, आसोलामेंढ्याचा मोठा तलाव आहे, आणि व्याहाडच्या पुढं गेलं की वैनगंगा. या पाण्यावर पोट असलेला धिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकतो. गरीवाल्या निवृत्तांची जात वेगळी. धिवराला मासा विकायचा असतो, यांना तो सांगायचा असतो. सांगायला मासा मिळावाच लागतो असं नाही. किंबहुना न मिळालेला मासा नेहमी दोन-तीन किलोंनी मोठा भरतो.

आमचे शेजारी गुरुजी या जातीचे मेरुमणी. पण काठावर बसून राहणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी ट्रकच्या दोन ट्यूबा मिळवल्या. त्यावर बांबू आडवे बांधले, बांबूंवर शाळेच्या मोडक्या बाकाची फळी ठोकली. फळीवर कुणीतरी कर्कटकानं कोरलेला बदाम अजून आहे, आणि गुरुजी नेमके त्यावर बसतात. वल्हं म्हणून धुणं बडवायचं जुनं धोपाटणं. नांगर म्हणजे सिमेंटच्या पोत्यात घातलेला दगड. पुण्याच्या भाच्यानं एकदा मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ पाठवला. त्यात दोन फुगवलेल्या नळकांड्यांमधल्या खुर्चीवर बसून एक गोरा गृहस्थ नदीत गरी फेकत होता. या होडीला तिकडे पॉन्टून म्हणतात. गुरुजींनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाले, "आपलीच कॉपी मारली जी यानं."

त्या गोऱ्यापाशी गांडूळही नव्हतं, कणकेचा गोळाही नव्हता. आकड्याला बारीक पिसं बांधून केलेली खोटी माशी तो पाण्यावर नाचवत होता. गुरुजींनी लगेच कोंबड्याची पिसं गोळा केली आणि बाईंच्या शिलाई मशीनची रिळं पळवली. रंगाचा दोरा संपला तेव्हा सूत आणलं. सुताशी गावाचं जुनं नातं आहे. इथं खादीचं मोठं काम चालायचं, आणि 1936 साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं तेव्हा खुद्द गांधीजी आले होते. त्या सुतातून एक दिवस मासे फसवायची माशी निघेल, हे कुणाच्या ठरावात नसावं. 'मासा' आणि 'माशी' यांचा व्याकरणाबाहेरचा संबंध मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

माशीला अर्थातच काही लागलं नाही. त्याचंही कारण गुरुजींकडे तयार होतं. कटला वरच्या मजल्यावर खातो, रोहू मधल्या, मृगळ तळमजल्यावर. रोहूचा बहुतेक शाकाहार, त्याला माशीचं काय? राहिली मरळ. ती बेडकावरसुद्धा झडप घालते, पण ती काठच्या गवतात दबा धरून असते, आणि गुरुजी मधोमध. इतकं सगळं माहीत असलेला माणूस मधोमध का जातो, हा प्रश्न पोस्टमन भाऊंनी विचारला.

हे भाऊ म्हणजे विरोधी पक्ष. चाळीस वर्षं पायी टपाल वाटलेलं, त्यामुळे यांचा सगळा विश्वास पायांवर. लुंगी वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि तिथून गरी टाकायची, हा त्यांचा पंथ.

"पाय ओले केल्याबगर मासा भेटते का जी, गुरुजी?"

"तुमचा पाय पडला का मासा मूल गावाले पोचते!"

"आन् तुमची ट्यूब थांबते कुठी? एका जागी दोनदा गरी पडली का कधी?"

माझं मत विचाराल तर भाऊंचा मुद्दा पक्का आहे. उभा माणूस त्याच खळग्यात दहा वेळा गरी टाकू शकतो. तरंगणाऱ्याला नदी पुढं ढकलते, चांगली जागा दिसेपर्यंत ती मागं गेलेली असते. पण तरंगणारा जिथं पाय पोचत नाहीत तिथं पोचतो, आणि वैनगंगेत पाय पोचणं ही अलीकडे भरवशाची गोष्ट राहिलेली नाही. रेतीवाल्यांनी असे खड्डे करून ठेवलेत की काल घोट्याएवढं पाणी होतं तिथं आज गळ्याएवढं. त्यात वर गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे. त्यातले किती उघडले हे मोबाइलवर कळेपर्यंत भाऊंच्या लुंगीला आधी कळतं. बाहेर पळावं तर काठावरच्या झुडपात वाघ असायची धास्ती. म्हणून भाऊ एक डोळा पाण्यावर आणि एक झुडपावर ठेवतात. गरीकडे बघायला तिसरा उरत नाही.

एके दिवशी मी काठावर डबा सांभाळत होतो. दगडाचं पोतं फाटलं आणि ट्यूब गोल फिरायला लागली. गुरुजी वाद काही सोडेनात. वाक्याचा कर्ता भाऊंकडे तोंड करून, कर्म पुलाकडे, क्रियापद पलीकडच्या काठाला. भाऊंना ऐकू आलं ते एवढंच: "भाऊ, तुम्ही... उभे राहून... मूर्खासारखे..." पुढचं गडचिरोलीनं ऐकलं.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा गुरुजी नोकरीत नवे होते. आपलं नाव नदीपलीकडच्या यादीत जाऊ नये म्हणून त्यांनी किती उंबरे झिजवले, कुणाच्या घरी तांदळाचं पोतं पोचवलं, हे ते स्वतःच रंगवून सांगतात. पुढं सगळी नोकरी त्यांनी अलीकडच्या काठावर काढली. आता कुठलाही आदेश नसताना, बाकाच्या फळीवर बसून, धोपाटण्यानं पाणी बडवत ते हळूहळू जिल्हा ओलांडत होते.

"गुरुजी, बदली झाली जी तुमची!" भाऊ ओरडले. हसता हसता त्यांचाही पाय खड्ड्यात गेला आणि ते लुंगीसकट बुडून वर आले.

दोघांपैकी कुणालाही मासा मिळाला नाही. गुरुजी पलीकडे सुखरूप लागले. बांबू आणि फळी त्यांनी तिथंच सोडली, ट्यूबा दोन्ही खांद्यांत हारासारख्या अडकवल्या आणि पुलाजवळ चंद्रपूरकडे जाणाऱ्या बसला हात केला. पुढचं मला भाऊंनी सांगितलं. ओल्या लुंगीत व्याहाडला ते त्याच बसमध्ये चढले होते.

कंडक्टर म्हणत होता, "गुरुजी, हवा काढा, नाही तर दोन तिकिटं."

"हवा नाही काढत. माझं अर्धं, ज्येष्ठाचं. आन् ट्यूबांचंही अर्धं धर, माझ्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत त्या."

शेवटी एक अर्धं, एक पूर्ण असं ठरलं. भाऊंना बसायला जागा नव्हती. खिडकीशी ट्यूबा होत्या.