आजोबांचे तीन जन्म

वंशावळ लिहावयास बसलो, तेव्हा पूर्वजांच्या पराक्रमाचा पुरावा सापडणार नाही, एवढी मनाची तयारी मी केलीच होती. परंतु ज्यांच्या मांडीवर बसून मी पावकी-निमकी घोकली, ते आजोबा तीन वेळा जन्मले असल्याचे तीन लेखी दाखले एकाच रुमालातून निघतील, असे मात्र स्वप्नातही आले नव्हते. जन्मपत्रिका म्हणत होती, शके १८४०, माघ वद्य पंचमी. काशीच्या पंड्याच्या वहीतून पणजोबांनी उतरवून आणलेला कागद म्हणत होता, संवत १९७५, फाल्गुन वदी पंचमी. आणि शाळेचा दाखला, शिक्क्याच्या गुर्मीत, १ जून १९२० वर अडून बसला होता. शिवछत्रपतींच्या जन्माचा शके १५४९ चा वैशाख खरा की १५५१ चा फाल्गुन, यावर विद्वानांनी जेधे शकावली पुढे ठेवून लेखण्या झिजवल्या. आजोबांसाठी झिजावयास मी एकटाच होतो.

शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून मी १९१८ साल काढले आणि शाईने लिहूनही टाकले. शक पालटतो पाडव्याला, सबब जानेवारीपासून पाडव्यापर्यंत एकोणऐंशी मिळवावे लागतात, हे भान न राहिल्याने मी आजोबांना मानमोडीच्या साथीआधीच जन्मास घातले. त्यांची निरक्षर थोरली बहीण मात्र हयातभर सांगत आली होती, "मानमोडीत काका गेले, आणि लगेचच्या माघात हा झाला." साथ १९१८ ची, तेव्हा माघ १९१९ चाच. म्हातारीपुढे मी मनोमन हात जोडले.

पंड्याला तर मी उगाच लबाड ठरवले होते. आपला महिना अमावास्येला संपतो, काशीकरांचा पौर्णिमेला; त्यामुळे आपल्या माघाचा वद्य पक्ष तिकडे फाल्गुनाच्या खाती जमा होतो. तिथी एकच.

राहिला एक जून. शाळा जूनमध्ये उघडत, आणि ज्या पोराची जन्मतारीख बापाला सांगता येत नसे, त्याच्या नावापुढे गुरुजी बिनदिक्कत तीच तारीख टाकीत; दाखले प्रमाण मानावे, तर त्या दिवशी महाराष्ट्रातील सुइणींना घोटभर पाणी प्यावयासही सवड मिळाली नसावी. हा दाखला सपशेल खोटा, असा फैसला मी वंशावळीत नोंदवला आहे. मात्र त्याच्याच आधारे आजोबा सव्वा वर्ष अधिक नोकरीत राहिले, आणि त्या सव्वा वर्षाच्या पगारातून आमच्या घरावर कौले चढली.