चौथी घंटा

तिसरी घंटा झाली की नट विंगेत देवाला हात जोडतो. संवाद आठवतील ना, ही भीती आता जुनी झाली. खरी धास्ती चौथ्या घंटेची. ती प्रेक्षकाच्या खिशात वाजते. २०१९ मध्ये नाशिकच्या कालिदास कलामंदिरात सुमीत राघवन यांनी ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग या घंटेपायी मध्येच थांबवला. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी तर फोन असेच वाजत राहिले तर नाटकात कामच करणार नाही, असा इशारा दिला. तेव्हा ते करत होते ‘अश्रूंची झाली फुले’, म्हणजे नाशिककर वसंत कानेटकरांचंच नाटक!

नटांनी एवढं मनाला लावून घेऊ नये. आमचा रसिक बेपर्वा नाही. फोन घेताना तो मान खाली घालतो, तोंडावर हात धरतो आणि कुजबुजतो, ‘‘नाटकात आहे, पटकन सांग.’’ मग सिलिंडर आला का, किल्ली कुणाकडे ठेवली, पाहुणे जेवून जाणार का, सगळं खर्जात उरकतो. माइक नसतानाही शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. आवाजाची अशी फेक नटांनी येऊन शिकावी. तिकीट मात्र काढावं लागेल.