पालकांचा शाळाप्रवेश

पहिलीसाठी शाळा शोधायला निघताना मुलाला आजीकडे ठेवून जावे. या कामात त्याचा उपयोग नसतो आणि अडचण मात्र होते. भलत्या वेळी शू लागते, नाहीतर सगळ्यांत स्वस्त शाळेतली घसरगुंडी आवडते. शाळा निवडायची असते ती पालकांसाठी. मूल हे अर्जाला जोडायच्या कागदपत्रांपैकी एक, जन्मदाखल्याच्या खाली आणि रहिवासी पुराव्याच्या वर. हे वाचून ज्यांना वाईट वाटले त्यांनी आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डिसेंबर-जानेवारीत विचारले जाणारे प्रश्न पुन्हा चाळावेत. फी किती, बोर्ड कोणते, बस एसी आहे का, आणि ज्याच्यासाठी बाकीचे प्रश्न फक्त प्रस्तावना असतात तो, ‘क्राउड कसा आहे?’ क्राउड म्हणजे वर्गातली मुले नव्हेत. क्राउड म्हणजे साडेबाराला फाटकाशी उभ्या असलेल्या गाड्या. पहिलीला शिकवणाऱ्या बाई कोण, त्या किती वर्षे टिकल्या आहेत, एका वर्गात किती मुले कोंबली आहेत, हे कोणी विचारत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे तिसाला एक, असा हिशोब चक्क छापलेला आहे. शाळा दाखवणाऱ्या बाईंना तो ऐकवून पाहावा. त्या तुम्हाला लगेच पोहण्याचा तलाव दाखवायला नेतील.

यावर विचारी पालकांचा आक्षेप असा की, शिक्षक आज आहेत, उद्या नाहीत. इमारत मात्र कुठे जात नाही. मुद्दा बिनतोड आहे. आपण प्रवेश इमारतीतच घेत असतो, तर तो उघडपणे घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

बोर्डाचे प्रकरण जरा सविस्तर घ्यायला हवे, कारण घराघरांत सर्वाधिक भांडणे त्यावरून होतात. पहिलीतले मूल दहावीची परीक्षा देणार ती दहा वर्षांनी. ती परीक्षा कशी असेल याचा अंदाज आज बांधणे म्हणजे दहा वर्षांनंतरच्या आषाढी एकादशीला पाऊस पडेल का, ते सांगणे. सीबीएसईने 2010 च्या सुमारास दहावीची बोर्डाची परीक्षा ऐच्छिक केली आणि 2018 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. म्हणजे परीक्षा नाही म्हणून 2010 साली ज्याला तिथे पहिलीत घातले, त्याला ती द्यावीच लागली. आपल्या राज्यात तर दहा वर्षे थांबायचीही गरज नाही. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची झाली, 17 जूनला त्या निर्णयाला मुरड घातली गेली आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. अडीच महिन्यांत भाषा आली, वाकली आणि गेली. तोवर काही घरांत पुस्तकांना कव्हरेही घालून झाली नव्हती. तरीही बोर्ड जरूर निवडावे. ‘आमचा आयसीएसईला आहे’ या वाक्याचा लाभ पहिल्याच दिवसापासून मिळू लागतो, आणि तो मिळतो लग्नाच्या पंक्तीत. मूल त्या वेळी ‘क’ उलटा काढत असते, पण पंक्तीत वही कोणी मागत नाही.

मुलाखतीची तयारी मनापासून करावी, कारण मुलाखत होतच नाही. शिक्षण हक्क कायद्याचेच तेरावे कलम प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई करते. पहिल्या गुन्ह्याला पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतल्यास दंड त्या रकमेच्या दहापटीपर्यंत जातो. त्यामुळे जिथे हे चालते तिथे मुलाखतीला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात आणि देणगीला ‘विकास निधी’. शब्दसंपत्ती वाढवण्याचे काम शाळा अशा प्रकारे प्रवेशाआधीच सुरू करते. इंटरॅक्शनमध्ये मुलाला नाव आणि रंग विचारतात, वडिलांना हुद्दा आणि आईला ‘घरी कोणत्या भाषेत बोलता?’ शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर देणाऱ्या आईला घरी गेल्यावर काय ऐकावे लागते ते येथे देत नाही. शिक्षणाचे माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषाच असावे, असे कायद्याचे एकोणतिसावे कलम सांगते. पण ‘शक्य तिथवर’ म्हणजे कुठवर, हे पालकांना कायद्यापेक्षा चांगले कळते: आजीच्या फोनपर्यंत.

आता अंतर. येथे एक गमतीची गोष्ट दिसते. शाळा घराजवळ असावी हे शहाणपण आपल्याकडे फक्त गरिबांना लागू आहे. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणाऱ्या घराला नकाशावर आपला पत्ता टाचावा लागतो. एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य, मग तीन किलोमीटरपर्यंतचे, आणि अर्ज जास्त झाले की सोडत. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने तर सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना या जागांतूनच सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली. फी भरणाऱ्याचे मूल मात्र सकाळी सव्वासहाला, अर्धवट झोपेत, डबा मांडीवर घेऊन तीन उड्डाणपूल ओलांडते. चालत जाता येईल अशी शाळा चांगली असूच शकत नाही, ही आपली श्रद्धा आहे. जिच्यासाठी बस लागते तीच शाळा.

कोणी म्हणेल, मग पालिकेच्या किंवा झेडपीच्या शाळेत घालायचे का? यात आमच्या सिद्धान्ताला धक्का बसत नाही, उलट बळकटीच येते. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा जिल्हा परिषदेचीच. तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागू लागली तेव्हा लांबलांबच्या पालकांनाही ती आवडू लागली. म्हणजे सरकारी असणे हा दोष नव्हता, रांग नसणे हा होता. रांगेत आपल्या पुढे कोण उभे आहे ते बघून शाळा ठरवणे हीच सर्वांत कमी कष्टाची पद्धत होय, आणि पुढचाही कोणाला तरी बघूनच उभा असल्यामुळे चूक कोणा एकाच्या अंगावर येत नाही. वर्गात जाऊन पंधरा मिनिटे मागच्या बाकावर बसणे, सुट्टीत बाई मुलांशी कशा बोलतात ते ऐकणे, स्वच्छतागृह बघून येणे, असले मार्गही आहेत. पण त्यांतून जे कळेल ते ग्रुपवर टाकण्याजोगे नसते.

अर्ज चार-पाच ठिकाणी करावेत. जिथे यादीत नाव लागेल ती शाळा आपल्याला पहिल्यापासून हवी होती असे सांगावे, आणि जिथे लागले नाही तिथला क्राउड आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे. फी भरून झाली की मुलाला आजीकडून घेऊन यावे. गणवेशाचे माप द्यायचे असते, तेवढे त्याच्याशिवाय होत नाही. एक नंबर मोठाच घ्यावा.