टक्केकाका

भेटल्यावर माणसं ‘काय, कसं काय’ विचारतात. हे गृहस्थ तुमच्या हातातल्या फोनकडे बघत विचारतात, “किती टक्के?” तुम्ही ‘चौदा’ म्हणालात, की दहाव्याला आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा करून ते गप्प उभे राहतात. ‘शंभर’ म्हणालात तर त्याहून वाईट. “शंभर? म्हणजे रात्रभर लावून ठेवला होतास. मारतोस तू बॅटरी, स्वतःच्या हाताने मारतोस!” बोलणी न खाता जिना चढायचा असेल, तर वीस आणि ऐंशीच्या मधला एखादा आकडा ठोकून द्यावा. मी सरसकट बासष्ट सांगतो.

असे एक काका तुमच्याकडेही असणार. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत त्यांना टक्केकाका म्हणतात, इतकंच. टक्केवारीचा विषय आपल्याकडे दोघांच्याच तोंडी शोभतो : कंत्राटदाराच्या आणि काकांच्या. कंत्राटदार निदान तो हळू आवाजात काढतो.

काका सायनच्या एका कंपनीत हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यावर जमा-खर्चाला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी बॅटरीचा जमा-खर्च हाती घेतला. वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचं नाही. हा नियम स्वतःच्या फोनपुरता असता तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण काका कुणाच्याही घरी गेले, की आधी स्विचबोर्डापाशी जातात. चार्जिंगला लावलेला फोन उचलून बघतात आणि ऐंशीच्या वर असला तर काढून ठेवतात. कुणाचा आहे, कशासाठी लावलाय, काही विचारायचं नाही. माझी बहीण रात्रीच्या गाडीने नागपूरला निघाली होती. तिचा फोन काकांनी ऐंशीला उतरवला आणि वर चहा घेतला. तिकीट फोनमध्ये, फोन झोपलेला, आणि समोर तिकीट तपासनीस उभा, असा प्रसंग तिच्यावर भुसावळच्या अलीकडे आला. हे काकांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, “ऐंशी पुरतात. व्हिडिओ बघत बसली असेल.” बघत बसलीच होती. संताप येतो तो त्याचाच.

स्वतः काका फोनवर काही बघतील ही शक्यताच नाही. पडद्याचा उजेड इतका कमी, की नातवाचा फोटो दाखवताना शेजारी उभं राहून सांगावं लागतं, हा नातू, ही सायकल. लोकेशन बंद, थरथर बंद, डेटा बंद. डेटा दिवसातून दोनदा चालू होतो, सकाळी आंघोळीनंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला. त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी येते, त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात येतात, विषय संपतो, मग कुणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाचा केक येतो आणि त्या केकखाली काकांचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येतं. बाळाच्या आईने एकदा अबोला धरला होता. आमच्याकडच्या सत्यनारायणाला तर ते दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून आले.

लग्नात ते नवरा-नवरी बघत नाहीत, प्लग बघतात. कार्यालयात शिरलं की ज्या खांबाला सॉकेट आहे त्याच्या बुंध्याशी खुर्ची ओढायची आणि अक्षता तिथूनच टाकायच्या. डॉक्टरांनी “काय, आज कसं वाटतंय?” विचारलं, तर म्हणतात, “पासष्ट.” नव्या डॉक्टरांनी ते वय समजून लिहून घेतलं.

कोकणकन्येने आम्ही एकदा त्यांच्यासोबत सावंतवाडीला गेलो. फोन तापून आग लागण्याचे प्रकार होऊ नयेत म्हणून रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचे, असा रेल्वेचा नियम. तो काकांना पाठ. त्यांनी पाचचा गजर लावला. गजराचा आवाज मात्र त्यांनी कमी ठेवलेला नव्हता, बचतीतून तेवढा एकच खर्च वगळला होता. सगळा कंपार्टमेंट उठून बसला. एक तान्हं मूल रडायला लागलं. काकांनी उशीखालून फोन काढला, बघितला, “चौऱ्याहत्तर आहे, गरज नाही,” म्हणाले आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागले.

आता एवढी निष्ठा जन्मजात असेल असं वाटतं, पण काका मूळचे या पंथातले नव्हेत. त्यांचा आधीचा धर्म अगदी उलटा होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची एक खोड सांगितली जाई. त्या अर्ध्यावर असतानाच पुन्हा पुन्हा चार्ज केल्या, तर तेवढ्याच वापराची सवय धरतात. म्हणून आधी पूर्ण उतरू द्यायच्या, मग पूर्ण भरायच्या. २००३ साली नोकियाचा ११०० आला आणि काकांनी घेतला. त्यात लिथियम-आयन बॅटरी होती, तिला ही खोड नव्हती, पण उपदेश जुनाच चालू होता. दुकानदाराने सांगितलं, “पहिल्यांदा आठ तास लावा.” काका अलार्म लावून, उठून, मोजून आठ तास लावत. पण ती बॅटरी उतरता उतरेना. शेवटी ती लवकर संपावी म्हणून काका त्या फोनचा टॉर्च लावून ठेवत. भर दुपारी काकांच्या शर्टाच्या खिशातून उजेड यायचा. पुढे इंजिनिअर पुतण्याने समजावलं, की लिथियम-आयनला सगळ्यात जास्त छळतं ते तुडुंब भरून ठेवणं, पार रिकामं करणं आणि उष्णता. काकांनी त्या दिवशी धर्मांतर केलं. नव्याने माळ घातलेला वारकरी परवडला.

२०१९ च्या ऑक्टोबरात काका पेढे घेऊन दारात. कुणाचं काही ठरलं की काय म्हणून मी चौकशी केली. “लिथियम-आयनला नोबेल मिळालं!” जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, अकिरा योशिनो. तिघांची नावं त्यांनी आदरार्थी बहुवचनात घेतली. सोनीने १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली, हेही त्या पेढ्याबरोबर ऐकावं लागलं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, इतक्या वयात नोबेल कुणालाच मिळालं नव्हतं. “याला म्हणतात बॅकअप!” काका म्हणाले. पण पुढे २०२३ च्या जूनमध्ये गुडइनफ गेले ते वयाची शंभरी पूर्ण करून, आणि काकांची पंचाईत झाली. ज्या माणसाने बॅटरी दिली तोच शंभरापर्यंत गेला! ऐंशीचा नियम मग राहिला कुठे? दोन दिवस ते कुणाला टक्के विचारेनात. तिसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाले, “डोकं थंड असणार रे त्यांचं. नुसत्या आकड्याने काही होत नाही, आकडा वर आणि शिवाय ताप, याने माणूस मरतो.” त्या दिवसापासून काकांचा फोन घरात माठाशेजारी असतो.

पॉवर बँकेचं प्रकरण मात्र हिशेबनिसाचं. डब्यावर १०,००० मिलिअँपिअर-अवर लिहिलेलं, फोनची बॅटरी ५,०००ची, तर फोन दोनदा भरायला हवा. दीड वेळाही धड भरेना. काका वही घेऊन लॅमिंग्टन रोडला दुकानात गेले. दुकानदाराने समजावलं, की डब्यावरचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर ५ व्होल्टने द्यावं लागतं, म्हणजे ७,४०० उरले, त्यातले काही उष्णतेत जातात. काकांनी सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, “मग ही तूट कुणाच्या नावे टाकायची?” दुकानदाराने आतल्या पोऱ्याला चहा आणायला सांगितलं. दहा हजार छापून सहा-साडेसहा हजार हातात ठेवण्याच्या पद्धतीला काकांच्या कंपनीत अपहार म्हणत. इथे त्याला कपॅसिटी म्हणतात.

खरं म्हणजे काकांना एकट्यालाच का धरायचं? टॉर्चचे सेल मंद झाले की उन्हात ठेवणारी ही पिढी. त्या जुन्या सेलांना ऊब मिळाली की आतली क्रिया जरा वेग घेई आणि गोठ्यापर्यंत जाऊन येण्यापुरता उजेड मिळे. टीव्हीच्या रिमोटला चापट मारायची, मग सेल जागच्या जागी फिरवायचे, मग खालचा वर आणि वरचा खाली, आणि हे सगळं थकलं की ते सेल भिंतीवरच्या घड्याळाला लावायचे. मेलेल्या वस्तूतून आणखी महिनाभर काढणाऱ्या हातांत आता एक सीलबंद फोन आलाय. त्याचं झाकण उघडत नाही, त्याला चापट मारता येत नाही. युरोपीय संघाचा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतो, काही अपवाद सोडले तर बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. ही तारीख काकांच्या कॅलेंडरवर नाही, कारण ते कॅलेंडर अजून छापायचंय. ती त्यांनी भिंतीवर लिहिलीय.

एवढं करून राखलेली बॅटरी कशासाठी? “अडीनडीला असावी.” आणि अडीनडीला काकांना फोन लावावा तर तो बंद, कारण रात्री नऊनंतर बॅटरी वाचवायला ते फोन बंद करतात. संकट नऊच्या आत आलं पाहिजे, आणि शक्यतो दिवेलागणीला.

हे वाक्य मी एकदा काकूंना ऐकवलं, टाळीच्या अपेक्षेने. त्यांनी टाळी दिली नाही. २६ जुलै २००५ चं सांगितलं.

सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. लोकल बंद, रस्ते पाण्याखाली. काका सायनहून मुलुंडला हायवेने चालत निघाले. ११०० प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डोक्यावर छत्रीच्या आत. रेंज नव्हती. रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्या शोधातच जास्त बॅटरी खातो, हे काकांना पुढे कळलं. त्या रात्री ते पावलापावलाला घरचा नंबर लावत राहिले. भांडुपच्या आसपास उजाडलं, आजूबाजूचे फोन वाजायला लागले, आणि काकांचा टुं करून बंद पडला. शेजारून चालणाऱ्या माणसाकडे एक फोन करू देता का म्हणून विचारलं. तो म्हणाला, “माझीच एक काडी उरलीय हो.” काका त्याला दोष देत नाहीत. काडी एकच होती, त्यांनी स्वतः बघितली होती.

तेव्हा एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. ज्याच्या फोनमध्ये खरोखरच तीन-चार टक्के उरलेत त्याला काका कधी उपदेश करत नाहीत. खांद्यावरच्या पिशवीतून पॉवर बँक निघते, सगळ्या जातींच्या वायरी निघतात. मागे एका हॉस्पिटलच्या आवारात एक पोरगा रक्तासाठी फोन करत होता आणि फोन मान टाकत होता. काकांनी पॉवर बँक त्याच्या हातात ठेवली आणि आपली बस आली म्हणून निघून आले. नाव नाही, नंबर नाही. अशा किती गेल्या, काकूंना ठाऊक नाही. रुपयाची तूट सहन न होणाऱ्या माणसाने त्यांची नोंद ठेवलेली नाही.

“ह्यांना वाटतं,” काकू म्हणाल्या, “फोन चालू असता तर त्या रात्री मी घोर न करता झोपले असते.”

“असत्याच ना?”

“कशी? आपल्याकडचा लँडलाइन दुपारीच मेला होता. ह्यांच्याकडे भरलेली बॅटरी असती तरी लागला नसता.”

“मग हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही?”

“वेडा आहेस का? हे बॅटरीचं निदान पिशवीत मावतं. सांगितलं तर उद्यापासून लँडलाइनच्या मागे लागतील.”