समेआधीच बिल

आमचे बुवा विलंबित एकताल चाळीस मिनिटं गातात. पहिली सम यायलाच जवळजवळ मिनिट जातं. स्पॉटिफायच्या लेखी मात्र मैफल तिसाव्या सेकंदाला संपते. तेवढं ऐकलं की एक ‘प्ले’ मोजला जातो. पुढची साडेएकोणचाळीस मिनिटं धर्मादाय.

“एका प्लेचे किती?” बुवांनी विचारलं. ठरलेला दर नसतोच म्हटल्यावर ते पान लावता लावता थांबले. जमा झालेला पैसा एका हौदात पडतो, त्यातला साधारण दोन तृतीयांश हक्कधारकांचा, आणि वाटणी एकूण प्लेच्या प्रमाणात. म्हणजे एखाद्या भक्ताने महिनाभर फक्त बुवाच ऐकले तरी त्याची वर्गणी बहुतेक गाजत्या गाण्यांच्याच घरी जाते. शिवाय हक्कधारक म्हणजे बुवा नव्हेत, कॅसेटच्या काळात त्यांची सही घेतलेली कंपनी. तिच्या कपाटातल्या जुन्या टेपा आता बसल्या जागी अंडी घालतात.

२०२४ पासून तर बारा महिन्यांत हजार प्ले न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय दमडी देत नाही. ते पैसे पास झालेल्या गाण्यांत वाटले जातात. नापास पोरांचा खाऊ पहिल्या नंबरवाल्याला!

साठच्या दशकात रॉयल्टीच्या वादावरून लताबाई आणि रफीसाहेब काही वर्षं एकत्र गायले नव्हते. आजच्या रकमेत कुणी अबोला धरील असं वाटत नाही.

या व्यवहाराचं मर्म ओळखलं ते अमेरिकेतल्या व्हल्फपेक या बँडने. २०१४ साली त्यांनी ‘स्लीपिफाय’ नावाचा अल्बम काढला. दहा ट्रॅक, प्रत्येक तीस सेकंदांहून किंचित मोठा, आणि सगळे निःशब्द. चाहत्यांनी ते रात्रभर लावून ठेवले आणि सुमारे २० हजार डॉलर जमले. मग स्पॉटिफायने तो अल्बमच काढून टाकला. शांततेचा एवढा गोंगाट त्यांना सोसला नसावा.

बुवांनी हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी नातवाला बसवून ख्यालाचे एकतीस-एकतीस सेकंदांचे तुकडे करायला घेतले. पहिली सम आता दुसऱ्या ट्रॅकमध्ये येते. एकूण सत्त्याहत्तर तुकडे झाले आणि तेरा सेकंद उरले.

“अहो, तिहाई नेमकी त्यातच आहे,” बुवा म्हणाले. “ती मोजणार नाहीत ना?”