तात्यांचा पेढ्यांचा डबा

तात्यांनी पेढ्यांचा डबा पुढे केला तर चुकूनही हात घालू नका. एका साखरपुड्यात मी घातला आणि बोटं काळी करून घेतली. आत डिस्ट्रिब्युटर कॅप होती. पाच शिंगांचं काळं बॅकेलाइट, पोटात स्प्रिंगवर बसलेला कोळशाचा इवलासा दाणा. "भेग दिसली? केसाएवढी आहे. पाऊस लागला की ठिणगी इथूनच पळते," तात्या नवरदेवाच्या मामांना समजावत होते. मामा पेढा शोधत होते.

गाडी अर्थात प्रीमियर पद्मिनी. तात्या तिला फियाटच म्हणतात. माहेरचे लोक लेकीचं सासरचं नाव मनावर घेत नाहीत, तसं 1974 साली मिळालेलं 'पद्मिनी' त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

नाशिकमध्ये मुंबई-आग्रा रोडवरच्या यच्चयावत शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर हा डबा उघडून झालाय. कंपनी कुठलीही असो, "विचारायला काय पैसे पडतात?"

"काका, चेसिस नंबर?"

तात्या तोंडपाठ सांगतात. पण कॉम्प्युटरला आकडे-अक्षरं मिळून सतरा लागतात. फियाटची तेवढी भरत नाहीत.

"मग पुढे शून्यं टाक की!"

पोरगं बिचारं टाकतंही. कॉम्प्युटर म्हणतो, अशी गाडीच नाही.

"नाही? मग माझ्या पार्किंगमध्ये काय म्हैस बांधलीय?"

मग हा गाडीवाला माणूस पंचवटी एक्सप्रेस पकडून कुर्ल्याला जातो. जिथे फियाट जन्मली, तिथल्याच भंगारात तिचे अवयव शोधतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळे हळहळले. तात्यांनीही डोळे पुसले आणि विचारलं, "तिची कॅप कुठे गेली असेल रे?"

मागच्या महिन्यात तात्यांनी मला भद्रकालीतल्या एका अंधाऱ्या दुकानात ओढून नेलं. गल्ल्यावर एक म्हातारा. डबा उघडला. त्याने चेसिस नंबर विचारला नाही. कॅप तळहातावर उलटी केली, कोळशाच्या दाण्यावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाला, "फियाट अकराशे."

माल नव्हता. तरी दोन चहा झाले, तासभर गप्पा झाल्या. तात्या दुकानातून निघाले ते थेट वरातीतून आल्यासारखे.

"अहो, मिळाली कुठे?" मी वैतागलो.

"ओळखली ना पण!"

परवा मोबाइल चाळताना तीच कॅप दिसली. कोरी, घरपोच. तात्यांना मी सांगितलेलं नाही. भेटले तर तुम्हीही सांगू नका. आणि डब्यात हात घालू नका.